सातबाऱ्यावर नाव कुठून येतं?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला फर्मान काढलं, "तू इतकी वर्षं पुण्यात संगणकात आहेस, तिथं नेमकं काय करतोस ते पंधरा मिनिटांत सांग. पण आम्हाला कळेल असं सांग." हा प्रश्न मला नवीन नाही. गडहिंग्लजला आलो की एस. टी. स्टँडपासून घरापर्यंत दोघं-तिघं तरी विचारतात, "तू करतोस काय रे तिकडं?" आणि "सॉफ्टवेअर" म्हटलं की "आमचा मोबाईल हँग होतोय, बघ जरा" म्हणून हातात देतात.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेली माहिती गोळा करून एका पानावर दाखवायची. वह्या म्हणजे डेटाबेसमधले तक्ते आणि पान म्हणजे तुमच्या समोरचा पडदा. बँकेचं पासबुक, रेल्वेचं आरक्षण, गॅसचं बुकिंग, सगळीकडं हेच चाललेलं असतं.

आपल्या शाळेत हे संगणकाशिवाय चालत होतं, आणि चोख चालत होतं. कार्यालयात एक जाडजूड जनरल रजिस्टर असायचं. प्रत्येक मुलाला त्यात एक नंबर. जन्मतारीख, आईवडिलांचं नाव, आधीची शाळा हे त्यात एकदाच लिहायचं. वर्गात हजेरीपट वेगळा. गुणांचा तक्ता वेगळा. आणि सहामाही झाली की सर या सगळ्यांतून बघून प्रगतिपुस्तक भरायचे. म्हणजे प्रगतिपुस्तक ही मूळ नोंद नव्हतीच. ते तीन वह्यांतून वेचून तयार केलेलं पान होतं. त्यावर बापाची सही आणणं ही आपली जबाबदारी, आणि काहींनी ती जबाबदारी स्वतःच्या अक्षरात पार पाडली, ते आज समोर बसलेत. नावं घेत नाही.

आता एक विचारा. वडिलांचा पत्ता तिन्ही वह्यांत का लिहीत नव्हते? कारण बदली झाली की तीन ठिकाणी खोडावं लागलं असतं, आणि एक ठिकाण हमखास राहून गेलं असतं. मग खरा पत्ता कुठला? म्हणून एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी सगळीकडं फक्त तिचा नंबर टाकायचा. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या शास्त्रज्ञानं १९७० साली हीच कल्पना गणिताच्या भाषेत मांडली आणि त्यावर आजचं डेटाबेसचं सगळं जग उभं राहिलं. आपल्या शाळेच्या भाऊसाहेबांनी कॉडचं नाव ऐकलं नसेल, पण जनरल रजिस्टरचा नंबर चुकवला तर ते काय बोलायचे ते आपण ऐकलंय.

हे जोडून दाखवण्याचं काम सोपं वाटतं. त्यात एक खाचखळगा सांगतो, कारण माझ्या हाताखाली येणारी नवी मुलं दरवर्षी त्यात पडतात. समजा सरांना वर्गातल्या साठ मुलांचे पत्ते हवेत. त्यांनी शिपाईमामांना पहिल्या मुलाचा नंबर देऊन कार्यालयात पाठवलं. मामा पत्ता घेऊन आले. मग दुसऱ्याचा नंबर. पुन्हा मामा निघाले. साठ खेपा! मामा चिडणार आणि तास संपणार. शहाणे सर साठ नंबर एका चिठ्ठीवर लिहून एकदाच पाठवतील. रेल्स किंवा जँगोसारखी साधनं २००४-०५ पासून आली, त्यांत "या मुलाचा पत्ता आण" असं लिहिणं इतकं सोपं झालं की खेपा किती होतात हे लिहिणाऱ्याला दिसतच नाही. दहा नोंदींवर तपासलं तर पान झटकन उघडतं. दहा हजार झाल्या की लोक म्हणतात, "सर्व्हर डाऊन आहे." बहुतेक वेळा सर्व्हर बिचारा खेपा घालत असतो.

पण आज मला बोलायचंय ते सातबाऱ्याबद्दल.

आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी शेती. हिरण्यकेशीच्या काठचा ऊस असो की वरच्या अंगाची मिरची-भुईमूग, कागद तोच. सातबारा म्हणजे एक कागद असं आपण समजतो. तो मुळात दोन आहेत. गाव नमुना सात, त्यात जमीन कोणाची, आणि गाव नमुना बारा, त्यात पीक काय. दोन नोंदी शेजारी ठेवून एकत्र दाखवल्या, म्हणून सात-बारा. आठ-अ त्याचाच भाऊ. सातबारा गट नंबरापासून सुरू होतो आणि विचारतो, "या जमिनीत कोण कोण?" आठ-अ खातेदारापासून सुरू होतो आणि विचारतो, "या माणसाच्या कुठल्या कुठल्या जमिनी?" माहिती तीच, फक्त बघायची दिशा उलटी. मी नव्या मुलांना हे शिकवताना अमेरिकन पुस्तकातलं ग्राहक आणि ऑर्डरचं उदाहरण देत नाही. सातबारा आणि आठ-अ दाखवतो. खेड्यातून आलेल्या पोराला दोन मिनिटांत कळतं. पुण्या-मुंबईच्या पोरांना आधी गट नंबर समजावावा लागतो.

एका गटात पाच जण आणि एका माणसाचे चार गट, अशी गुंतागुंत असली की तिसरी वही लागते. कारण "तुझा हिस्सा वीस गुंठे" ही गोष्ट नुसत्या माणसाचीही नाही आणि नुसत्या जमिनीचीही नाही. ती दोघांमधल्या नात्याची आहे.

आणि जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असायचा, आठवतो? तो फेरफार नंबर. हे नाव इथं कुठल्या कारणानं आलं, खरेदीनं, वाटणीनं की वारसानं, ते गाव नमुना सहामध्ये त्या नंबरखाली सापडतं. म्हणजे आम्ही ज्याला एका तक्त्यातून दुसऱ्याकडं जाणारा दुवा म्हणतो, तो तलाठी भाऊसाहेबांनी शाईनं गोल करून ठेवलेला होता. २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आपल्या तोंडी तलाठीच बसलाय.

आता हे सगळं महाभूलेखवर आलंय. पुणे विभाग निवडा, कोल्हापूर, गडहिंग्लज, गाव, गट नंबर. मुंबईत बसून आजऱ्याची जमीन दिसते. २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळतो. २०२० मध्ये मांडणी बदलली. खाते नंबर पूर्वी इतर हक्काच्या रकान्यात असायचा, तो नावासमोर आला. दोन खातेदारांमध्ये ठळक रेघ आली. मयत माणसाच्या नावाला नुसता कंस असायचा, त्याऐवजी ते आडव्या रेघेनं खोडलेलं दिसू लागलं. मंजूर न झालेला फेरफार "प्रलंबित" म्हणून दिसू लागला, जुने फेरफार नंबर शेवटी एका रकान्यात गेले. मला विचाराल तर तो प्रलंबितचा रकाना सगळ्यांत मोलाचा. जमीन घेणाऱ्याला निदान कळतं की मागं काहीतरी चाललंय.

आणि तरीही, दोन वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा मला फोन आला. तिला विचारूनच सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. म्हणाली, "काँप्युटरनं माझं नाव घालवलंय बघ. तू त्यातलाच हाईस, तेवढं आत घाल."

मी तिला गट नंबर विचारला. पडद्यावर दोघा भावांची नावं होती. तिचं नव्हतं. खाली जुन्या फेरफारांच्या रकान्यात वडिलांच्या वारसाचा नंबर मात्र होता. तिला म्हटलं, तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढ, आणि हस्तलिखित सातबारेही काढ, एक नव्हे, मिळतील तेवढे. तिनं काढले. फेरफारात चार वारस होते: आई, दोन भाऊ आणि ही. त्यानंतरच्या हस्तलिखित सातबाऱ्यावरही चौघं होते, हिचं नाव सगळ्यांत शेवटी, जागा संपली म्हणून बारीक अक्षरात. हाताचे सातबारे दर दहा वर्षांनी नव्यानं लिहून काढायचे. पुढच्या पुनर्लेखनात ती बारीक ओळ उतरलीच नाही. आई पुढं वारली. संगणकात भरताना समोर तोच कागद होता. त्यात दोन नावं होती, दोन भरली गेली.

काँप्युटरनं काही घालवलं नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे मला इथं मुद्दाम सांगायचंय, कारण आपली पोरं आता पडद्यावर दिसतं तेच खरं मानतात. पडदा जोडलेलं नातं दाखवतो. न जोडलेलं नातं त्याला "रिकामी जागा" म्हणूनसुद्धा दाखवता येत नाही. तिथं जागाच नसते. दोन भावांची नावं, मध्ये ठळक रेघ, खाली डिजिटल सही, पान कसं अगदी पूर्ण दिसतं!

तिची गोष्ट तरी सोपी, कारण मागं कागद होता. ज्यांच्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढं "ए.कु.मॅ." लिहिलंय, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, त्यांचं काय? तिथं चार-पाच माणसांचा हक्क तीन अक्षरांत कोंबलेला आहे. तो मॅनेजर गेला आणि त्याच्याच मुलांची वारस नोंद झाली, की बाकीचे भाऊ-बहिणी कागदावरून नाहीसे. कुणाच्या घरी ए.कु.मॅ. असेल तर त्यानं तो माणूस हयात असतानाच सगळ्यांची नावं लावून घ्यावीत. नंतर कोर्टाच्या पायऱ्या आहेत.

बहिणींच्या बाबतीत तर कायदा केव्हाच पुढं गेलाय. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क दिला. २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. आणि सातबारा ही महसुली नोंद आहे. तिच्यावर नाव नाही म्हणून हक्क संपत नाही. पण कर्ज, पीकविमा, अनुदान, नुकसानभरपाई, सगळे बघतात तो पडदाच. राखी पौर्णिमेला अक्काला साडी आणि वाटणीच्या वेळी अक्कापुढं हक्कसोडपत्र, ही आपल्याकडची रीत आहे. सही मनानं दिली असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण बऱ्याच ठिकाणी माहेर तुटेल या भीतीनं दिलेली असते, आणि ते या सभागृहातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मैत्रिणीनं लेखनप्रमाद म्हणून कलम १५५ खाली तहसीलदारांकडं अर्ज दिलाय. नोटिसा निघाल्या. धाकटा भाऊ म्हणाला, "अक्काचं नाव हुतंच की आधी," आणि तसा जबाब देऊन आला. थोरल्याचं म्हणणं अजून आलेलं नाही.

सरकारनंही यात दोन कामं चांगली केली. संगणकावर भरलेले सातबारे २०१७ मध्ये गावोगाव चावडीवर मोठ्यानं वाचले. सर हजेरी घेतात तसंच, नाव पुकारायचं आणि कोणी राहिलं का बघायचं. माझ्या धंद्यात तपासणीची नाना यंत्रं आहेत, पण ज्याचं नाव सुटलंय त्या माणसाला समोर बसवून वाचण्याइतकं खात्रीचं मला दुसरं सापडलेलं नाही. अडचण एवढीच, की लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली लेक माहेरच्या चावडीवर कशी असणार? आणि २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्याची. ज्यांनी तेव्हा केलं नाही त्यांना नेहमीच्या रीतीनं वारस नोंदीचा अर्ज आजही देता येतो.

आता या मेळाव्याचीच गंमत सांगतो. संयोजकांनी यादी करायला घेतली. मुलगे पटापट सापडले. मुलींपैकी निम्म्याहून जास्त सापडेनात, कारण आपण शोधत होतो माहेरच्या नावानं आणि जग त्यांना ओळखतं सासरच्या नावानं. काहींची तर पहिली नावंही लग्नात बदललेली. शेवटी शाळेनं जनरल रजिस्टर काढून दिलं. नाव बदललं तरी तो नंबर बदलत नाही, दाखल्यावर तोच असतो. एकीनं आपला जुना दाखला पेटीतून काढून त्याचा फोटो पाठवला, आणि एकदम कळलं की बेळगावची जी "काकी" गेली पाच वर्षं आपल्या एका मित्राच्या सोसायटीत राहते, ती आपल्या वर्गातली पहिल्या बाकावरची!

तरी यादीत अजून काही मोकळ्या ओळी आहेत. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ती ठेवली आहे. रकाने तीन आहेत: शाळेतलं नाव, आत्ताचं नाव, जनरल रजिस्टरचा नंबर. नंबर आठवत नसेल तर मोकळा सोडा, कार्यालयातून भरून घेऊ. आणि शेजारीण, नणंद, जाऊ कोणी आपल्या वर्गातली असेल तर तिचंही लिहा. पेन मी दोन ठेवलेत, एक बहुतेक आत्तापर्यंत गेलं असेल.