माळ्यावरचा मॉडेलचा खोका

मॉडेल गाड्या जोडण्याचा छंद सुटून वर्षं लोटली असतील, तरी माळ्यावरचा अर्धवट खोका टाकून देऊ नका. पॉलिस्टायरीनचे सुटे भाग सहसा शाबूत असतात. आधी टायर पाहा. मऊ विनाइलमधलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारचं कडक प्लास्टिक चक्क विरघळवतं. म्हणून टायर वेगळ्या पिशवीत ठेवा. डेकल्स पिवळी पडली असतील, तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा, पिवळेपणा बराच उतरतो. मग नको असलेलं एखादं डेकल पाण्यात सोडून पाहा. त्याचे तुकडे झाले, तर उरलेल्यांवर आधी पारदर्शक व्हार्निशचा पातळ थर द्या. प्लास्टिक जोडायचं सिमेंट नवंच घ्या, आणि काम करताना खिडकी उघडी असू द्या.

मोटारींचं लोकप्रिय प्रमाण १:२४. त्यात चार मीटरची मोटार साधारण १७ सेंटिमीटरची होते. रणगाड्यांचं १:३५ मात्र जपानच्या तामिया कंपनीच्या पँथर रणगाड्यापासून रूढ झालं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात, म्हणून तो आकार ठरला होता. मला ही हकिगत फार आवडते.

पुन्हा सुरुवात करताना कमी भागांची, साधी गाडीच निवडा.