दोन गुणांचा उजेड
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून चारपाच जणांनी विचारलं, "तू इंदूरला नक्की करतोस काय?" त्याचं उत्तर नववीच्या सहामाहीच्या पेपरात आहे. प्रश्न होता, वर्तुळात एकसमान चालीने फिरणाऱ्या वस्तूला त्वरण असते का? मी लिहिलं, नसते. दोन गुण गेले. मी सरांशी वाद घातला, "चाल बदलत नाही, मग त्वरण कुठून येणार?" सर मला मैदानावर घेऊन गेले. सुतळीला दगड बांधून हातात दिला आणि म्हणाले, "फिरव." बोटांना ओढ बसली. "नुसती दिशा बदलायलाही बळ लागतं. दिशा बदलली की वेग बदलला, म्हणजे त्वरण आलं." मग सुतळी सोडायला लावली. दगड सरळ कुंपणाकडे गेला.

माझी नोकरी त्या सुतळीवर चालली आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर घेराच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या. सुतळीच्या जागी चुंबक आहेत. विद्युतभारित कणाला त्वरण मिळालं की तो प्रकाश टाकतो. म्हणून प्रत्येक वळणावर, सायकलच्या चाकावरून चिखल उडावा तसा, स्पर्शिकेच्या दिशेने उजेड सुटतो. त्यात क्ष-किरणही असतात.

१९४७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सिंक्रोट्रॉनमध्ये हा उजेड प्रथम डोळ्यांना दिसला. यंत्र चालवणाऱ्यांच्या दृष्टीने तो तोटाच, कारण इलेक्ट्रॉनची तेवढी ऊर्जा जाते. पुढे त्याच उजेडात रेणूंची रचना दिसू लागली. वेंकी रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल ज्या रायबोसोमच्या रचनेसाठी मिळालं, तीही अशाच क्ष-किरणांनी उलगडली.

याच्या पुढची पायरी मुक्त इलेक्ट्रॉन लेसर. आपलं पंधरा ऑगस्टचं लेझीम पथक आठवा. जो तो आपल्या मनाने वाजवायचा, तेव्हा नुसता गोंगाट. ताल जुळला की सारं गाव बाहेर यायचं. इथे उलटसुलट ध्रुवांच्या चुंबकांच्या लांब रांगेतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातात, आणि त्यांनीच टाकलेला उजेड त्यांना तालात आणतो. बेताल शंभर इलेक्ट्रॉन एकाच्या शंभरपट उजेड देतात. तालातले शंभर दहा हजारपट. २००९ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळच्या प्रयोगशाळेत असे लेसर क्ष-किरण प्रथम मिळाले.

सर, तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी मी रागाने घरी गेलो होतो. तुमचं बरोबर होतं, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. इतकी वर्षं नव्या मुलांना यंत्र दाखवताना मी आधी खिशातून सुतळी काढतो, पण ती कुणी दिली हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं. ते सांगायलाच आज उभा राहिलो. ते दोन गुण तुमच्याकडेच राहू द्या.