मासळीतले धातू आणि आपले आकडे



विषय मोठा आहे, पण आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. मासळीतला धातू मोजल्यावर तो आकडा आपण लोकांपुढे कसा ठेवतो?

बोंबलाचेच घ्या. ताज्या बोंबलात शेकडा नव्वदच्या आसपास पाणीच असते. प्रयोगशाळेत आपण तो वाळवतो, पूड करतो, आम्लात विरघळवतो आणि मग धातू मोजतो. समजा, कोरड्या वजनावर शिसे किलोला १ मिलिग्रॅम आले. माशातील शिशाची मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम. झाले, 'मर्यादेच्या तिपटीहून जास्त शिसे' अशी बातमी छापून येते. पण ती मर्यादा ओल्या मासळीची आहे आणि ओल्या वजनावर हाच आकडा ०.१ च्या आसपास भरतो. शोधनिबंधात हा खुलासा तक्त्याखाली बारीक अक्षरांत असतो, बातमीत तो येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्सोव्याच्या बाजारात पाटी मांडून बसलेल्या मावशीचा माल तसाच पडून राहतो. समुद्रात तिने काहीही सोडलेले नसते.

म्हणून सगळी मासळी निर्धोक आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. पारा मिथिल रूपात माशाच्या मांसातील प्रथिनांना घट्ट धरून बसतो. धुऊन, तळून किंवा कालवण करून तो जात नाही. लहान मासे खाऊन वाढणाऱ्या मोठ्या माशात तो साठत जातो. तेव्हा मोठ्या मुशीला आणि तारलीला एकच सरासरी लावून चालणार नाही. गरोदर बाईला 'मासे खाऊ नका' असे सरसकट सांगणे हाही अन्यायच. कोणते खावेत आणि कोणते टाळावेत, हे तिला नेमके कळायला हवे. कॅडमियमची तऱ्हा वेगळी. माकुलाच्या मांसात तो कमी असतो, यकृतात भरपूर. युरोपची मर्यादा, किलोला १ मिलिग्रॅम, आतडी-यकृत काढलेल्या माकुलासाठी आहे. साफ केलेले आणि अख्खे माकूल एकाच रकान्यात मांडणाऱ्या तक्त्याचा कोणालाच उपयोग नाही.

आता ठाणे खाडीकडे वळू. तिच्या काठचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा १९६०च्या दशकात उभा राहिला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांचा ठाणे खाडीतील पाऱ्यावरचा शोधनिबंध १९८१ सालचा. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे हा प्रश्न कागदावर आहे. धातू कुजत नाही, विरून जात नाही. तो गाळात बसतो. आणि ओहोटीला त्याच गाळात उतरून निवट्या, खेकडे, कालवं काढणारी माणसे आजही आहेत.

जपानमधल्या मिनामाता खाडीतील पाऱ्याच्या विषबाधेची हकिगत आपण सगळ्यांनी वाचली आहे. त्यातला एक तपशील मला फार अस्वस्थ करतो. खाडीत पारा सोडणाऱ्या चिस्सो कंपनीच्याच दवाखान्यातील डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले, आणि त्या मांजराला तोच रोग जडला. कंपनीने हा निष्कर्ष दडवला. पारा खाडीत जाणे थांबले ते १९६८ मध्ये. मधली नऊ वर्षे मासेमारांच्या घरांत तीच मासळी शिजत होती. दडवलेला आकडा असा घात करतो, आणि अर्धवट सांगितलेला आकडा निरपराध माणसाची रोजी बुडवतो. दोन्हीकडे भोगतो तो मासेमारच.

म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे. यापुढे आपल्या प्रत्येक तक्त्यात वजन ओले की कोरडे, माशाचा कोणता भाग, त्याची लांबी आणि कोणत्या खाडीतला, एवढे तक्त्यातच लिहा, तळाशी नको. मासळीचा आकडा देताना जवळच्या सांडपाण्याच्या तोंडाशी घेतलेल्या पाण्याचा आणि गाळाचा आकडाही शेजारी द्या; म्हणजे प्रश्न बाजारात न अडकता पाइपपर्यंत पोहोचेल. आणि निबंध छापायला पाठवाल त्याच आठवड्यात त्याचा एक पानाचा मराठी गोषवारा त्या गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला द्या. ज्यांच्या जाळ्यातून आपण नमुने घेतो, त्यांना निकाल वर्तमानपत्रातून कळू देऊ नका.