एकच पोर्ट, दोन भूमिका: मामांची पेटी मुकी का झाली?

कानात इअरफोन आहेत ना? मग आज जरा आपल्या हातातल्या मोबाईलच्या पोटात शिरू. विषय ऐकायला जड आहे, कर्नलमधले यूएसबी ड्रायव्हरचे पर्याय. पण त्याची गोष्ट केळीच्या बागेतली आहे, त्यामुळे घाबरू नका.

आधी एक साधा प्रयोग. मोबाईल केबलने लॅपटॉपला लावला की लॅपटॉप मालक आणि मोबाईल चाकर. लॅपटॉप विचारणार, मोबाईल उत्तर देणार. आता त्याच मोबाईलला, त्याच भोकात ओटीजी केबलने पेनड्राइव्ह लावा. आता मोबाईल मालक! तोच विचारतो आणि पेनड्राइव्हला करंटही तोच पुरवतो. यूएसबीत मालकाला होस्ट म्हणतात, चाकराला डिव्हाइस. लिनक्स कर्नलमध्ये डिव्हाइसच्या बाजूला गॅजेट म्हणायची पद्धत आहे. आणि जो कंट्रोलर दोन्ही कामं करतो तो ड्युअल-रोल. ओटीजी म्हणजे ऑन-द-गो, हे प्रकरण २००१ पासून आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आपण बिनधास्त ओटीजी मागतो, पण आत काय चालतं हे मलाही कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं.

आता गोष्ट. माझे मामा शिरपूर तालुक्यात, धुळे जिल्ह्यात. तापीकाठी केळी. आपल्याकडे थंडीत पारा १२-१३ अंशांच्या खाली घसरला की केळीची वाढ मंदावते, घड बाहेर पडताना अडकतो. मग लोक रात्री पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. मामांचं म्हणणं एकच: "बागेत पहाटे नक्की किती थंडी असते ते मला कळू दे. गावातल्या आकड्याचा उपयोग नाय."

म्हणून मी एक पेटी बनवली. छोटा लिनक्स बोर्ड, तापमानाचा सेन्सर, बॅटरी, सोलर पॅनल. पावसाला, धुळीला घाबरून सगळं सीलबंद. बाहेर फक्त एक मायक्रो-यूएसबी पोर्ट. बागेत रेंज येत नाही, म्हणून योजना अशी: मामा ओटीजी केबलने पेनड्राइव्ह लावतील, हिरवा दिवा लागेल, फाईल कॉपी होईल. आणि मी गेलो की त्याच पोर्टला लॅपटॉप लावून दुरुस्ती करीन. एकाच पोर्टच्या दोन भूमिका.

पुण्यात टेबलावर सगळं छान चाललं. पेटी पाठवायच्या आधी शेवटच्या आठवड्यात मी कर्नल नवा केला. आकार कमी व्हावा म्हणून काही गोष्टी मॉड्यूल केल्या. लॅपटॉप लावून पाहिला, चालला. पेनड्राइव्ह? परत लावून पाहिला नाही. "आधी चालत होतं की!" हे वाक्य लक्षात ठेवा. सगळ्या रडगाण्याची सुरुवात इथूनच होते.

जानेवारीत ऐन थंडीत मामांचा फोन. "भाचा, तुनी पेटी मुकी शे का रे?" पेनड्राइव्ह लावला, दिवा लागला नाही. दुसरा लावला, नाही. केबल बदलली, नाही. चार रात्री त्यांनी अंदाजानेच पाणी सोडलं. पेटीत आकडे होते, पण ज्याला हवे होते त्याला मिळत नव्हते.

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालो, सकाळी धुळे, तिथून शिरपूर. बागेत जाऊन लॅपटॉप लावला, आणि पेटी लगेच बोलायला लागली. मामा माझ्याकडे बघतात: "म्हणजे ही फक्त तुझ्याशीच बोलते?" खरं सांगतो, लाज वाटली.

मग मी कर्नलचा लॉग उघडला. डीमेसेज म्हणजे कर्नलची डायरी. त्यात स्पष्ट इशारा होता: कॉन्फिगरेशन मिसमॅच, डीआर-मोड जबरदस्तीने गॅजेट केला. म्हणजे कर्नलने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

आता नेमकं काय झालं ते बघू. माझ्या चिपमधला कंट्रोलर चालवणारा ड्रायव्हर म्हणजे डीडब्ल्यूसी३. मेन्यूकॉन्फिगमध्ये त्याला तीन पर्याय असतात: फक्त होस्ट, फक्त गॅजेट आणि ड्युअल रोल. तुम्ही म्हणाल, मग ड्युअल रोल निवडायचा, संपलं! पण तो पर्याय मला दिसतच नव्हता. कारण त्याच्या अटी आहेत.

कर्नलमध्ये एखादी गोष्ट वाय म्हणजे आतच बांधलेली असते, किंवा एम म्हणजे मॉड्यूल, नंतर चढवायची. माझा डीडब्ल्यूसी३ ड्रायव्हर वाय होता. गॅजेटचा भागही वाय. पण आकार वाचवायच्या नादात यूएसबी होस्टचा मुख्य भाग मी एम केला होता. आता जो ड्रायव्हर कर्नलमध्ये कायमचा बांधलाय, तो नंतर येणाऱ्या मॉड्यूलमधली फंक्शन्स बोलावू शकत नाही. घर बांधताना जी भिंत नाहीच, तिच्यावर स्लॅब टाकता येतो का? म्हणून होस्टचा पर्याय गेला, ड्युअल रोलही गेला. उरला फक्त गॅजेट. एरर नाही, काही नाही. कर्नल आरामात कंपाईल झाला.

उपाय दोन. एकतर होस्टचा भाग, गॅजेटचा भाग आणि ड्रायव्हर, तिघांनाही वाय करा. नाहीतर ड्रायव्हरलाच एम करा, मग ते दोघं वाय असोत की एम, चालतं. मी पहिला घेतला. लगेच मेन्यूत ड्युअल रोल उगवला. मामींच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन होईपर्यंत लॅपटॉपवर कर्नल तयार. पेटीत टाकला, रीस्टार्ट केला, मामांनी स्वतः पेनड्राइव्ह लावला. हिरवा दिवा!

तुमच्यापैकी कोणी असं काही बनवत असेल तर या क्रमाने तपासा.

पहिलं, कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ड्युअल रोल खरंच आहे का? "मी निवडलं होतं" हे पुरावा नाही. तयार झालेली डॉट-कॉन्फिग फाईल उघडून बघा. डीडब्ल्यूसी३ला होस्टसाठी एक्सएचसीआय ड्रायव्हर लागतो, पेनड्राइव्हसाठी यूएसबी स्टोरेज आणि फाईल सिस्टीमही लागते. तेही बघा.

दुसरं, डिव्हाइस ट्री. तिथे डीआर-मोड होस्ट, पेरिफेरल किंवा ओटीजी असतो. आपल्याला ओटीजी हवा. पण माझ्यासारखं डिव्हाइस ट्रीत ओटीजी आणि कर्नलमध्ये फक्त गॅजेट असेल, तर कर्नलचंच चालतं.

तिसरं, भूमिका कोण ठरवतं? मायक्रो-यूएसबीत पाचवी पिन असते, आयडी. ओटीजी केबलमध्ये ती ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून बोर्डाला कळतं की आपण होस्ट. साध्या केबलमध्ये ती मोकळी असते, म्हणजे डिव्हाइस. टाइप-सीमध्ये हेच काम सीसी पिना करतात. ही खबर ड्रायव्हरपर्यंत पोचली नाही तर वरचं सगळं बरोबर असूनही पेटी मुकीच.

चौथं, करंट. होस्ट झालात की ५ व्होल्ट तुम्हालाच द्यायचे. यजमान म्हणून बोलावलं आणि चहासुद्धा नाही, असं चालत नाही.

आणि शेवटचं, जे मी केलं नाही: कर्नल बदलला की दोन्ही बाजूंनी तपासा. फक्त लॅपटॉप लावून "चालतंय" म्हणू नका. तुमची पेटी रोज जो माणूस वापरणार आहे, त्याच्या हाताने, त्याच्या केबलने, त्याच्या पेनड्राइव्हने तपासा. मी माझ्या सोयीची बाजू तपासली आणि मामांची बाजू सोडली. कर्नलची चूक नव्हती.

आता मामा दर रविवारी फाईल काढतात आणि पहाटेचे आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. सोबत एक ओळ असतेच: "पेटी बोलते आहे."

बस, आज एवढंच. तुमच्याकडे अशी कुठली मुकी पेटी असेल तर आधी तिची डायरी वाचा आणि मग मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!