विष आणि संशय

परक्याविषयी संशय घेण्यास मनाला फारसा वेळ लागत नाही. पत्नीने पतीविषयी किंवा पतीने पत्नीविषयी तो घ्यावयाचा म्हणजे मात्र रोजच्या ताटाकडेच निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. रहस्यकथाकारांनी या भीतीवर पुष्कळ कादंबऱ्या रचल्या. पण मुलचेऱ्याच्या शेजारी, अहेरी तालुक्यातील महागाव येथे २०२३ साली ती खऱ्या घरात शिरली.

त्या सप्टेंबरात तेथील एक दांपत्य आजारी पडले. हातापायांना मुंग्या, कंबरेत आणि डोक्यात असह्य वेदना. अहेरी, चंद्रपूर, नागपूर असे उपचार झाले, तरी दोघेही एका दिवसाच्या अंतराने गेली. पुढे मुलगी, मावशी व मुलगा यांचीही तीच गत झाली. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कुटुंबातील पाच माणसे दगावली. त्यांना मोटारीने नेणारा चालकही आजारी पडला. ज्याचे या घराशी रक्ताचे नाते नाही, त्यालाही तीच लक्षणे व्हावीत, हा रोग कसला? अखेर पोलिसांनी घरची सून व नात्यातील आणखी एक स्त्री यांना अटक केली. अन्नपाण्यात थॅलियम मिसळल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. मृतांतील मुलगा हा त्या सुनेचा पती.

थॅलियमच्या क्षारांना रंग, वास वा चव नसते. लक्षणे मज्जातंतूंच्या विकारासारखी दिसतात. केस गळू लागतात ते दोन-तीन आठवड्यांनी. मुद्दाम शोधल्याखेरीज ते नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. प्रशियन ब्लू नावाचे निळे रंगद्रव्य हा त्यावरील उतारा. पण आधी विषाचा विचार तरी मनात यावयास हवा! उशाशी बसून पाणी पाजणाऱ्या हाताविषयी तो कोणाच्या मनात यावा?

आणि आल्यावरही तो पुरावा ठरत नाही. पुण्यात १९८२ साली एक नवविवाहिता पोटॅशियम सायनाइडने मरण पावली. पतीस सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. तिने बहिणीस व मैत्रिणीस लिहिलेल्या पत्रांतून संसारातील दुःख स्पष्ट दिसत होते. फिर्यादी पक्षाने ती पत्रे पतीविरुद्ध मांडली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तीच वाचली आणि इतके खचलेले मन आत्महत्येकडेही वळू शकते, असे मानून पतीस निर्दोष सोडले.