घास अडकतो? अन्ननलिकेकडे लक्ष द्या

भाकरीचा घास छातीत अडकतो, घासागणिक पाणी प्यावं लागतं, मूल जेवायला तासभर लावतं. आपण त्याला पित्त म्हणून सोडून देतो. पण हा त्रास वारंवार होत असेल, तर अन्ननलिकेला ॲलर्जीची जुनाट सूज असू शकते. तिचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस.

आपल्या मेहकरच्या शिवारात खरिपाला सोयाबीन, रब्बीला गहू आणि घरोघरी दूध. हे पदार्थ बहुतेकांना पौष्टिकच. काहींच्या शरीराला मात्र त्यांतली प्रथिनं शत्रू वाटतात. मग इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमतात. सूज वर्षानुवर्षं राहिली की नळी अरुंद होऊ शकते. दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे, कठीण कवचाची फळं आणि मासे ही नेहमीची कारणं.

1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा 10 मुलांना प्रथिनांऐवजी अमिनो आम्लांचा आहार दिला. सगळ्यांचाच त्रास कमी झाला. नेहमीचे पदार्थ सुरू होताच तो परतला. अन्नाचा संबंध तिथे स्पष्ट झाला.

निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी करून अस्तराचे बारीक तुकडे घेतात. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीवरून दोषी पदार्थ खात्रीने कळत नाही. उपचार आहे: आम्ल कमी करणारी औषधं, गिळायचं स्टिरॉइड किंवा ठराविक पदार्थ बंद करणं.

मात्र मुलांचं दूध, पोळी स्वतःच्या मनाने तोडू नका, डॉक्टरांना विचारा. आणि घास पूर्ण अडकून थुंकीही गिळता येत नसेल, तर तातडीने दवाखाना गाठा.