तेलाचा डबा आणि दूरची लढाई

आम्ही मारुंजीच्या बचत गटातून बोलतोय. आमच्यात कुणी चकली-शेव करतं, कुणी हिंजवडीत कामाला येणाऱ्या पोरांना डबे देतं. आज तेलाबद्दल बोलू.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. टीव्हीवर बघून आपण हळहळलो. पण आपल्याकडचं सूर्यफुलाचं तेल बहुतेक त्याच दोन देशांतून यायचं! ते अडकलं, म्हणून मागणी पामतेलाकडे वळली, तर 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवणंच बंद केलं. 23 मेला बंदी उठली. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, हे आम्हाला बीएच्या पुस्तकापेक्षा किराणा दुकानात जास्त कळलं.

आता हिशेब बघा. डबा 15 किलोचा. तो 300 रुपयांनी चढला, तर किलोमागे 20 रुपये. एक किलो चकली पाव किलो तेल पिते असं धरलं, तर चकलीमागे 5 रुपये गेले. 40 किलोच्या ऑर्डरीत 200. हे कुठून जातात? आपल्या मजुरीतून. बँकेचा हप्ता काही थांबत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, लढाई तिकडे, भाव इकडे का वाढवता?" त्याला हाच हिशेब कागदावर दाखवायचा.

म्हणून गटात ठरलंय, सांगितलेला भाव आठच दिवस. ऑर्डरीबरोबर निम्मे पैसे आगाऊ, आणि त्याच दिवशी तेल आणायचं, चार-पाच जणींनी मिळून. स्वस्त दिसलं म्हणून डबे भरून ठेवू नका, तेल खवट होतं.

सप्टेंबर 2024 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, सरकारने कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयातशुल्क लावलं. आम्ही चिडलो. पण सोयाबीन पिकवणाऱ्या बायकांची बाजूही ऐका. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. बाहेरचं तेल स्वस्त आलं की त्यांचं पीक पडून राहतं. पुढे मे 2025 अखेरीस शुल्क 10 टक्क्यांवर आलं.

डबेवाल्या मैत्रिणींचं दुखणं वेगळं. 2021 मध्ये परदेशातून चिप मिळेनात, गाड्या कमी बनल्या. चाकणला कंत्राटी पोरांच्या पाळ्या कमी झाल्या की आधी डबा बंद होतो. त्यावर पुढच्या वेळी बोलू. तोवर महिनाभराच्या तेलाच्या पावत्या जपून ठेवा, बैठकीला लागतील.